शूर्पारकाचीं देवस्थानें आणि त्यांच्या आख्यायिका

विरार स्टेशनाच्या पूर्वेस फुलपाडा म्हणून एक वस्ती आहे. नांवावरून पाहतां पूर्वींचा हा लहानसा पाडाच. परंतु आज मुंबईच्या उपनगरी गाडीनें रोज कामास जाणाऱ्या असंख्य कुटुंबांचीं बिऱ्हाडें तेथें दाटीनें वसलीं आहेत. २००९ सालीं स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेंत आणि २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत हा भाग मोडतो. वस्तीच्या कडेस पापडखिंडीचें धरण आहे आणि माथ्यावर जीवदानीचा डोंगर. त्याच्या तेराशेंहून अधिक पायऱ्या नवरात्रांत रात्रंदिवस माणसांनीं भरलेल्या असतात. खालच्या घरांतील गृहिणी सकाळीं दार उघडतांच प्रथम डोंगराकडे पाहून हात जोडते आणि मग पाणी भरावयास लागते. असा हा शेजार आहे.

डोंगर चढून माथ्यावर उभें राहिलें म्हणजे उत्तर कोंकणाचा एक फार जुना टापू डोळ्यांपुढें पसरतो. पश्चिमेस अर्नाळ्याचा किनारा, नैर्ऋत्येस सोपारें आणि निर्मळ, दक्षिणेस वसई, आग्नेयेस तुंगारचा उंच डोंगर आणि उत्तरेस वैतरणा नदीचें मुख. हिंडावयास दोन दिवस पुरतील एवढाच हा मुलूख. पण यांतील बहुतेक प्रत्येक टेंकडीस, तळ्यास व देवळास एकेक आख्यायिका चिकटलेली आहे. अशा आख्यायिकांविषयीं आपल्याकडे दोन रीति रूढ आहेत. भाविक मनुष्य त्या अक्षरशः खऱ्या मानतो, आणि इतिहासाचा अभ्यासक त्या बाजूस ठेवून शिलालेखाकडे वळतो. दोघेही आपापल्या परीनें प्रामाणिक असतात. परंतु दोघांच्याही हातून आख्यायिका नीट ऐकण्याचें राहून जातें. शूर्पारकाच्या या आख्यायिका शिलालेखांच्या व उत्खननांच्या शेजारीं ठेवून वाचल्या तर त्यांतून काय हातीं लागतें, तें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभ जीवदानीपासूनच करूं. तिची कथा निरनिराळ्या तऱ्हांनीं सांगतात. तिचा गाभा असा आहे. निर्मळच्या शंकराचार्यांचा उपदेश घेतलेला महार जातीचा एक गुराखी या डोंगराच्या पायथ्याशीं गांवचीं गुरें चारीत असे. त्याच्या कळपांत रोज एक परकी गाय येऊन मिसळे, दिवसभर चरे आणि सांजेस निघून जाई. तिचा धनी कोण हें कळेना, आणि तिची राखणावळ कोणी देईना. अखेर एके दिवशीं तो गाईच्या मागोमाग डोंगर चढून गेला. माथ्यावर एक तेजस्वी स्त्री उभी होती. गाय तिचीच होती. गुराख्यानें आपली राखणावळ मागितली. ती कांहीं देण्यास पुढें झाली, तों हा मागें सरला. आपण महार आहों, आपणांस शिवूं नये; जें स्पर्शानें विटाळत नाहीं असें कांहीं असेल तर तें द्यावें, असें त्यानें तिला विनविलें. हें ज्ञान तुला कोणीं दिलें, असें देवीनें विचारतां त्यानें आपल्या गुरूचें नांव सांगितलें. देवी प्रसन्न झाली. तूं सांभाळलेली गाय कामधेनु आहे आणि तिच्या सेवेनें तुझे पूर्वज वैतरणी तरून गेले, असें ती म्हणाली. गाईनें माथ्यावरून उडी घेतली ती थेट वैतरणेपर्यंत. गुराख्यास मोक्ष मिळाला. आणि देवी डोंगरांतील गुहेंत सुपारीच्या रूपानें गुप्त झाली. जीवाचें दान करणारी म्हणून ती जीवदानी.

ही कथा भक्तीच्या भरांत ऐकतांना तिच्यांतील एक गोष्ट सहज निसटून जाते. या गुराख्यास देवीचें दर्शन हवें होतें म्हणून तो डोंगर चढला नाहीं. त्याची मजुरी थकली होती, ती मागावयास तो गेला. पुराणांत देवाजवळ वर मागणारे पुष्कळ भेटतात. राज्य मागणारे, पुत्र मागणारे, अमरत्व मागणारे. केलेल्या कामाचा मोबदला मागणारा असा एखादाच. शिवाय वैतरणी तरून जाण्यासाठीं ब्राह्मणास गाय दान करावी हा आपल्याकडील रूढ आचार आहे. ज्याची स्वतःची गाय नाहीं त्यानें काय करावें? कथा सांगते कीं, दुसऱ्याची गाय निष्ठेनें राखणाराचें पुण्य गाय दान करणाराच्या पुण्याहून कमी नाहीं. उत्तरेकडील खऱ्याखुऱ्या वैतरणा नदीचें नांव पाहून कोणा अज्ञात कथाकारास ही कल्पना सुचली असावी.

परंतु या कथेचें कौतुक करतांना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती विटाळ मोडीत नाहीं, विटाळास वळसा घालते. देवी हात पुढें करते खरा, पण तो हात गुराख्यापर्यंत पोंचत नाहीं. आणि त्यास मिळतो तो मोक्ष, म्हणजे या जगांतून सुटका. सांजेस घरीं परत जाऊन चूल पेटविण्याइतकें धान्य त्यास मिळाल्याचें कथेंत कोठें नाहीं. ज्या समाजानें ही कथा रचली त्याला अन्याय दिसत होता, पण या जगांतच त्याचें निवारण करण्याचें धैर्य त्याच्यांत नव्हतें. कथेनें हें लपविलेलें नाहीं, हाच तिचा प्रामाणिकपणा होय.

या डोंगरावर खडकांत खोदलेलीं कांहीं साधीं लेणीं आणि पाण्याचीं टांकीं आहेत. तीं पांडवांनीं खोदलीं असें लोक सांगतात. वनवासांत पांडव शूर्पारकाच्या यात्रेस आले असतां त्यांनीं येथें एकवीरा देवीची स्थापना केली आणि त्या एकवीरेवरूनच विरार हें नांव पडलें, अशीही समजूत आहे. महाभारताच्या वनपर्वांत पांडवांच्या शूर्पारकयात्रेचा उल्लेख आहे, तेव्हां समजुतीस ग्रंथाचा आधार नाहीं असें म्हणवत नाहीं. मात्र पांडवांचीं म्हणून दाखविलीं जाणारीं लेणीं साऱ्या महाराष्ट्रांत विखुरलेलीं आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन व क्षत्रप राजांचे लेख स्पष्ट कोरलेले असूनही लोकांच्या तोंडीं नांव पांडवांचेंच राहिलें. इतकेंच काय, दूर काश्मीरच्या खोऱ्यांत आठव्या शतकांत ललितादित्यानें बांधलेल्या मार्तंड मंदिराच्या भग्न भिंतींसही तेथील लोक पांडवांचेंच घर म्हणत आले आहेत. जेथें लिपि वाचणारे संपतात तेथें पांडव येऊन राहतात, असा हा सार्वत्रिक नियम दिसतो. खऱ्या कर्त्याचें नांव हरवलें तरी स्थळ पवित्र आहे आणि फार जुनें आहे एवढी आठवण समाज या एका नांवांत जपून ठेवतो.

आतां डोंगर उतरून सोपाऱ्याकडे वळूं. या भूमीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका परशुरामाची. क्षत्रियांचा संहार करून परशुरामानें सारी पृथ्वी कश्यपास दान दिली. मग दान दिलेल्या भूमीवर त्यास राहतां येईना, म्हणून समुद्रानें मागें सरून त्याच्यासाठीं शूर्पारक देश निर्माण केला, असें महाभारताच्या शांतिपर्वांत सांगितलें आहे. जवळच्या तुंगारेश्वराशीं व निर्मळच्या तळ्याशींही परशुरामाचा संबंध जोडतात. विमल नांवाचा असुर तुंगारच्या डोंगरावर शिवाची उपासना करून प्रबळ झाला होता. परशुरामानें परशूनें त्याचा वध केला, आणि त्याच्या रक्तामुळें निर्मळच्या तळ्याच्या पाण्यास तांबूस छटा आली, असें सांगतात.

ही परशुरामाची कथा अलीकडे कोणी रचून या भागास चिकटविली आहे काय? या शंकेस नाशिकच्या लेण्यांत खात्रीचें उत्तर मिळतें. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत तेथें कोरविलेल्या लेखांत आपल्या दानधर्माची मोठी यादी दिली आहे. भडोच, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्या. दमणगंगा, तापी, डहाणूची नदी वगैरे ठिकाणीं फुकट नावा ठेविल्या. आणि नानंगोल गांवचे बत्तीस हजार नारळीचे वृक्ष चरक परिव्राजकांच्या परिषदांस दिले. त्या परिषदांच्या ठिकाणांत एक आहे शूर्पारकांतील रामतीर्थ. हा राम म्हणजे भार्गव राम असेंच विद्वान मानतात. म्हणजे आजच्या भाविकाच्या तोंडची परशुरामाची कथा निदान अठराशें वर्षांपूर्वींही येथें नांदत होती, आणि ती इतकी प्रतिष्ठित होती कीं शक राजाच्या जांवयास तेथें दान देणें भूषणावह वाटलें.

समुद्र मागें हटला या कथेंत नुसती कल्पनाच आहे असेंही नाहीं. सोपारें हें एके काळीं पश्चिम किनाऱ्यावरचें नामांकित बंदर होतें. ग्रीक खलाशाच्या पेरिप्लसमध्यें आणि टॉलेमीच्या भूगोलांत त्याचें नांव आहे. शिलाहार अनंतदेवाच्या शके १०१६ (इ. स. १०९४) च्या ताम्रपटांत जकात माफ केलेल्या बंदरांत स्थानक व चेमुल्य यांबरोबर शूर्पारकही येतें. आज सोपाऱ्यांत उभें राहिलें तर समुद्र दिसत नाहीं. खाड्या गाळानें भरून त्यांचीं शेतें व मिठागरें झालीं. येथील माणसाच्या अनुभवांत पाणी मागें हटणें आणि जमीन वर येणें ही नित्याची घटना होती. त्या अनुभवास त्यानें परशुरामाचें नांव दिलें.

येथें पुन्हां काश्मीरची आठवण होते, आणि ती निष्कारण नव्हे. बाराव्या शतकांत काश्मीरच्या जयसिंह राजाच्या काळीं मंख कवीनें आपल्या श्रीकंठचरिताच्या शेवटीं एका पंडितसभेचें वर्णन केलें आहे. त्या सभेंत कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य यानें शूर्पारकाहून पाठविलेला तेजकंठ नांवाचा वकील बसलेला आपणांस दिसतो. याच अपरादित्याच्या नांवावर असलेली याज्ञवल्क्यस्मृतीवरील अपरार्क टीका पुढें काश्मिरी पंडितांत प्रमाण मानली गेली. समुद्रकांठच्या या गांवाहून निघून हिमालयाच्या खोऱ्यांत पोंचलेल्या तेजकंठास तेथें एक ओळखीची कथा ऐकूं आली असेल. काश्मीरचें खोरें पूर्वीं सतीसर नांवाचें प्रचंड सरोवर होतें, त्यांत जलोद्भव दैत्य राहत असे, देवांनीं डोंगर फोडून पाणी काढून दिलें आणि मग कश्यपानें तेथें मनुष्यें वसविलीं, असें नीलमतपुराण सांगतें. एकीकडे सरोवर आटून निघालेली भूमि, दुसरीकडे समुद्र हटून निघालेली भूमि. दोन्ही कथांत एक कश्यप आहे. काश्मीरच्या खोऱ्यांतील करेवा नांवाच्या उंचवट्यांत जुन्या सरोवराच्या गाळाचे थर भूस्तरशास्त्रज्ञांस सांपडले आहेत. पायाखालच्या जमिनीकडे पिढ्यान्‌पिढ्या लक्ष देऊन पाहणारीं माणसें दोन्ही ठिकाणीं होतीं, असाच याचा अर्थ.

सोपाऱ्याचें दुसरें नवल याहून मोठें आहे. गांवाच्या पश्चिमेस झाडीनें वेढलेला मातीचा एक मोठा उंचवटा होता. लोक त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. बुरूड म्हणजे बांबूच्या सुपें-टोपल्या विणणारा कारागीर. तो राजा केव्हां झाला आणि त्यानें कोट कशाला बांधला, याची वाटाघाट करीत गांवचीं मुलें त्या उंचवट्यावर खेळत असतील. १८८२ च्या एप्रिलांत जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो उंचवटा मधोमध खणविला. आंत एक मोठी वाटोळी दगडी पेटी निघाली. तिच्यांत मैत्रेयासह आठ बुद्धांच्या लहान मूर्ति, आणि मध्यें तांब्याच्या करंड्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा आणि त्यांत सोन्याचा असे एकांत एक करंडे होते. भोंवतीं सोन्याचीं फुलें पसरलेलीं होतीं, आणि यज्ञश्री सातकर्णीचें रुप्याचें एक नाणेंही होतें. अगदीं आंतल्या सोन्याच्या करंड्यांत काय निघालें? मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे. ते प्रत्यक्ष बुद्धाच्या पात्राचे म्हणून पुरले असावेत, असें भगवानलालांचें मत झालें. बुरूड राजाचा कोट हा एक बौद्ध स्तूप होता. त्यांतील वस्तु मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. त्याच वर्षीं सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा त्यांस मिळाला; नवव्या शासनाचा तुकडा पुढें १९५६ सालीं सांपडला. आठव्या शासनाचा विषयही मोठा समर्पक आहे. पूर्वींचे राजे मृगयेसाठीं विहारयात्रा करीत. आपण राज्याभिषेकास दहा वर्षें झाल्यावर संबोधीस गेलों आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली, तींत श्रमण-ब्राह्मणांचें दर्शन, वृद्धांचा सत्कार आणि खेड्यापाड्यांतील लोकांची भेट घडते, असें त्यांत अशोक सांगतो.

मग हा बुरूड राजा आला कोठून? निश्चित पुरावा नसला तरी एक तर्क मांडावासा वाटतो. शूर्प म्हणजे सूप. शूर्पारक या नांवाचा लोकांनीं सुपाशीं संबंध जोडला, आणि सूप विणणारा तो बुरूड. मग सुपाच्या नगरीचा राजा बुरूड नसावा तर कोण असावा? शिवाय ओसाड स्तूपाचा आकार उपड्या टोपलीसारखाच दिसतो. बुद्धाचें नांव विसरलें, यज्ञश्रीचें विसरलें, परंतु नगराच्या नांवांतील सूप मात्र लोकांच्या जिभेवर राहिलें, आणि त्यांतून हातानें काम करणारा एक राजा जन्मास आला.

बौद्ध ग्रंथांत शूर्पारकाची जी मोठी कथा आहे तीही याच वळणाची. दिव्यावदानांत पूर्णाचें चरित्र आलें आहे. पूर्ण हा शूर्पारकच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा, पण दासीच्या पोटीं झालेला. आजारी धन्याची त्या दासीनें मनोभावें शुश्रूषा केली, हेंच त्याच्या जन्माचें निमित्त. बाप वारल्यावर सावत्र भावांनीं त्यास दासीपुत्र म्हणून वांट्यांतून बाहेर काढलें. पुढें तो स्वतःच्या हुशारीनें चंदनाचा व्यापार करून श्रीमंत झाला, समुद्रपर्यटनें केलीं, आणि एका सफरींत सहप्रवाशांच्या तोंडून बुद्धवचनें ऐकून भिक्षु झाला. त्याच्या विनंतीवरून प्रत्यक्ष बुद्ध शूर्पारकास आले, अशी ती कथा आहे. पालि जातकांतील सुप्पारक नांवाचा आंधळा नावाडीही येथें आठवतो. तो राहणारा भडोचचा, पण नांव या बंदराचें. खारट पाण्यानें डोळे गेल्यावर तो राजाच्या पदरीं रत्नपारखी झाला. त्याच्या अचूक पारखेबद्दल राजा दर वेळीं आठच कार्षापण देई, तेव्हां या कंजूषपणास विटून तो निघून गेला. आंधळेपणींही पुढें त्यानें व्यापाऱ्यांचें तारूं भयंकर समुद्रांतून सुखरूप परत आणलें.

राखणावळ न मिळालेला गुराखी, राजा झालेला बुरूड, वांटा नाकारलेला दासीपुत्र, अपुऱ्या मोबदल्यानें दुखावलेला नावाडी. या चार कथा एका काळच्या नव्हत, एका धर्माच्याही नव्हत. तरी या एका बंदराच्या नांवाभोंवतीं त्या गोळा झाल्या, यांत कांहीं योगायोग असेल. परंतु बंदर ही गोष्टच अशी आहे कीं तेथें अनेकांच्या श्रमांवर थोड्यांची संपत्ति उभी राहते आणि तें सर्वांच्या डोळ्यांसमोर घडतें.

यापुढचा काळ या देवस्थानांस कठीण गेला. चौदाव्या शतकांत बंदर अद्याप जागें होतें. १३२१ सालीं ठाण्यास मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती भिक्षूंचे देह जॉर्डेनस नांवाच्या धर्मोपदेशकानें सोपाऱ्यास आणून पुरले. पुढें १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि दोनशें वर्षें या भागांतील देवळांवर मोठें संकट आलें. साष्टींतील बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें चर्च झालें. त्याच्या भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. वसई हातीं आली तर वज्रेश्वरीचें देऊळ बांधीन असा नवस त्यांनीं केला होता, आणि त्याप्रमाणें सुभेदार शंकराजी केशव फडके यांनीं तानसेच्या कांठीं तें देऊळ उभारलें, अशी परंपरा आहे. निर्मळच्या देवस्थानाचा जीर्णोद्धारही याच शंकराजी केशवांच्या नांवावर सांगतात. विजयानंतर पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठ्यांनीं नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत १७२१ सालाची आणि भीमाशंकरास १७२९ सालाची घंटा आजही टांगलेली आहे. विध्वंस आणि जीर्णोद्धार यांचा हिशेब करतांना या घंटाही आपण मोजल्या पाहिजेत. आज निर्मळास देऊळ आणि चर्च जवळजवळ आहेत, आणि कार्तिक वद्य एकादशीच्या जत्रेंत वसईचीं सुकेळीं सर्व धर्मांचे लोक विकत घेतात.

सोपाऱ्याच्या चक्रेश्वर देवळांत ब्रह्मदेवाची एक उंच जुनी मूर्ति आहे. शिलाहारांच्या काळची ती असावी असें तिच्या घडणीवरून विद्वान सांगतात. ती पाहतांना मनांत येतें कीं, ज्या देवळासाठीं ती घडविली तें देऊळ गेलें, तें बांधणाऱ्या राजाचें नांव गेलें, आणि घडविणाऱ्या शिल्पकाराचें नांव तर कोणी कधीं लिहूनच ठेविलें नव्हतें. उषवदाताच्या लेखांत फुकट नावांचा उल्लेख आहे, पण त्या नावा वल्हवीत कोण होतें, हें लिहिलेलें नाहीं. बत्तीस हजार नारळींची संख्या आहे, त्यांवर चढणाऱ्यांची नाहीं. यांत उषवदाताचा दोष काढावयाचा नाहीं. शिलालेख हा देणाऱ्याचा दस्तऐवज असतो. मागणाऱ्याची बाजू शिळेवर कोरण्याचा खर्च कोण करणार? ती बाजू तोंडी राहिली, आणि तिची आख्यायिका झाली.

म्हणून आख्यायिकेस इतिहासाचा पुरावा समजून तिजवर राजांच्या वंशावळी उभारणें जसें चुकीचें, तसेंच ती भाकडकथा म्हणून टाकून देणेंही चुकीचें आहे. बुरूड राजा कधीं झाला नाहीं, हें खरें. परंतु येथें कांहीं मोठें व पूज्य पुरलेलें आहे, ही त्या नांवांत सांठविलेली सूचना खोटी नव्हती. भगवानलालांनीं ती फेंकून दिली असती तर आंतला सोन्याचा करंडा कदाचित् अजून मातींतच असता. जीवदानीच्या कथेंतही असेंच कांहीं पुरलेलें आहे, आणि तें काढावयास कुदळ लागत नाहीं.

आज फुलपाड्याच्या वाटेनें पायऱ्या चढणाऱ्या लोकांत कारखान्यांत, दुकानांत, दुसऱ्यांच्या घरीं राबणारे पुष्कळ असतात. आठवड्याची एक सुट्टी घालवून तीं माणसें वर येतात तीं बहुधा आजार, नोकरी, मुलांचें शिक्षण असल्या विवंचना घेऊनच. त्यांस देवीची कथा सांगतांना गुराख्याची जात आणि त्याची थकलेली राखणावळ या दोन गोष्टी गाळून फक्त कामधेनूची उडी सांगण्याचा मोह एखाद्यास होईल. तशी कथा अधिक मंगल वाटते आणि कोणास टोंचत नाहीं. परंतु तो मोह आवरला पाहिजे. मुलाबाळांस घेऊन या डोंगरावर जाणाऱ्या वाचकांनीं वाटेंत एखाद्या वळणावर दम घेतांना ही कथा पुरी सांगावी. मग मूल विचारील कीं, देवीनें त्याला पैसे कां नाहीं दिले? त्या प्रश्नाचें उत्तर कथेंत नाहीं. तें शोधण्याचें काम, शेंकडों वर्षांपूर्वीं ही कथा प्रथम सांगणारानें, ऐकणारांवर सोंपविलेलें आहे.